मृत्यूचं ठिकाण : कराड

वारसनोंदीसाठी परवा वडिलांचा मृत्यूचा दाखला पुन्हा बाहेर काढला. आम्ही तासगाव तालुक्यातले, पण ठिकाण लिहिलंय कराड. इथल्या डॉक्टरांनी ‘पुण्याला हलवा’ म्हटलं आणि ॲम्ब्युलन्स कराडपर्यंतच पोचली. मृत्यू चालत्या गाडीत झाला तर गाडी पहिल्यांदा जिथं थांबेल तिथं नोंद होते, असा नियम. दाखल्यासाठी कराडला दोन खेपा झाल्या.

तेव्हा सहज डोक्यात आलं, आपल्या जिल्ह्याचे मोठे नेते कुठं गेले?

वसंतदादा १ मार्च १९८९ ला, मुंबईत. आर. आर. आबा १६ फेब्रुवारी २०१५ ला, लीलावतीत. पतंगराव ९ मार्च २०१८ ला, तेही लीलावतीतच. आयुष्यभर सांगली जिल्ह्याचं राजकारण केलं आणि मृत्यूची नोंद मुंबईच्या दप्तरात. आपल्या वाट्याला आलं ते पार्थिव. आबांना अंजनीत निरोप दिला त्या दिवशी मी गर्दीत होतो. बातमी लिहायची होती, पण वहीत धड चार ओळी उतरल्या नाहीत.

आणि हे कुठल्या जिल्ह्यात, तर मिरज ज्या जिल्ह्यात आहे तिथं! वॉनलेस साहेबांचं मिशन हॉस्पिटल १८९४ चं. कर्नाटक-गोव्याचे पेशंट मिरजेला येतात. सांगलीच्या सिव्हिलला नाव वसंतदादांचं. पतंगरावांच्या भारती विद्यापीठाचं हॉस्पिटल सांगलीतच.

नेत्यांना दोष देत नाही. आबांना कॅन्सर होता. माझी ऐपत असती तर मीही वडिलांना थेट मुंबईला नेलं असतं, कोणीही नेईल. पण आमदार-खासदारांना स्वतःच्या दुखण्यात जिल्ह्यातली खाट लागतच नसेल, तर त्या खाटेपाशी डॉक्टर आहे का, मशीन चालू आहे का, हे त्यांना कळणार कसं? उद्घाटनाची फीत कापताना कळत नाही ते.

अनिलभाऊ बाबर मात्र ३१ जानेवारी २०२४ ला सांगलीतच गेले. न्यूमोनियाचं निमित्त झालं. त्यातून फार अर्थ काढू नये, पण नोंद असावी.

तलाठ्यानं दाखला उलटसुलट बघितला. “कराडला कोण होतं तुमचं?”

म्हटलं, “कुणी नाही भाऊसाहेब. वाटेत लागलं.”