राधानगरीच्या वाड्या आणि अडचणीची वही

राधानगरी म्हटले की आपल्या माणसाच्या डोळ्यांपुढे प्रथम राजर्षी शाहू महाराज उभे राहतात. भोगावती नदीवरचे धरण ही त्यांचीच कल्पना. १९०२ साली संस्थानाचे पाटबंधारे धोरण जाहीर करणाऱ्या या राजाने सह्याद्रीच्या कुशीत पाणी अडवायचे ठरवले आणि इथल्या नव्या वसाहतीला आपल्या कन्येचे, राधाबाई अक्कासाहेबांचे नाव दिले. पैशाअभावी काम अर्ध्यावर थांबले. १९२२ साली महाराज गेले. धरण पुरे झाले ते स्वातंत्र्यानंतर. आज या लक्ष्मी तलावात आठ टीएमसीहून अधिक पाणी मावते आणि त्यावर खालच्या अनेक गावांची शेती आणि पिण्याचे पाणी चालते.

आम्ही चार घरची माणसे, कच्च्याबच्च्यांसह, दिवाळीनंतर तिकडे गेलो होतो. कोल्हापूरहून एस.टी. निघाली की हळदी, परिते अशी गावे मागे पडतात. दोन्ही बाजूंना ऊस. कोल्हापूर ते राधानगरी अंतर पन्नास-पंचावन्न किलोमीटर. डोंगर जवळ येऊ लागला की ऊस विरळ होतो आणि भाताची खाचरे दिसू लागतात. धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे मुलांना आवर्जून दाखवावेत. त्यांना मोटार नाही, कळ दाबणारा माणूस नाही. पाणी ठराविक पातळीवर चढले की त्याच्या दाबाने दरवाजा आपोआप उघडतो, पातळी उतरली की मिटतो. पावसाळ्यात "राधानगरीचे किती दरवाजे उघडले?" हाच कोल्हापुरातल्या घराघरांतला प्रश्न असतो, कारण भोगावतीचे पाणी पुढे पंचगंगेत येते. २०१९ आणि २०२१ चे महापूर कोल्हापूरकर विसरलेले नाहीत.

धरणाच्या पुढे रस्ता दाजीपूरच्या जंगलातून फोंडा घाटाकडे जातो. गव्यांसाठी प्रसिद्ध असलेले दाजीपूर १९५८ साली राज्यातले पहिले अभयारण्य झाले. १९८५ साली त्याची हद्द वाढून ते सुमारे ३५१ चौरस किलोमीटरचे राधानगरी अभयारण्य बनले. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातली जी ठिकाणे जागतिक वारसा म्हणून निवडली, त्यांत राधानगरीही आहे. मुंबई-पुण्याची माणसे येतात, गवा पाहतात, फोटो काढतात आणि परत जातात. या जंगलाच्या कडेला माणसेही राहतात, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. डोंगराच्या खांद्यावर दहा-पंधरा घरांच्या वाड्या आहेत, धनगरवाडे आहेत. पावसाळ्यात तिथली वाट म्हणजे ओढ्याचेच दुसरे नाव.

आमच्यापैकी एकीची नणंद या भागात आशा स्वयंसेविका आहे. वहिनी त्यांना "वन्सं" म्हणतात, म्हणून आम्ही सारेच त्यांना वन्सं म्हणू लागलो. दोन रात्री आम्ही त्यांच्या घरी राहिलो. जंगल पाहिले, गव्यांचा कळप लांबून पाहिला. परंतु आमच्या मनात घर करून राहिली ती वन्संच्या फळीवरची एक दोनशेपानी वही. तिच्याचविषयी वाचकांना सांगायचे आहे.

आधी आशाचे काम काय ते पाहू. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले, त्यात ही योजना आली. साधारण हजार वस्तीमागे गावातलीच एक बाई निवडायची. डोंगराळ भागात लहान वस्तीलाही आशा देता येते. गरोदर बाईची नोंद, तिला दवाखान्यात नेणे, बाळंतिणीकडे फेऱ्या, पोरांच्या लसी, क्षयरोग्याची औषधे, नाना तऱ्हेची सर्वेक्षणे असे हे काम. कोरोनाच्या काळात घरोघर फिरल्या त्या याच. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा गौरव केला. पण सरकारी कागदावर त्या कर्मचारी नाहीत. स्वयंसेविका आहेत. म्हणून पगार नाही, मोबदला आहे, आणि त्यातला काही भाग कामागणिक मोजला जातो.

एक उदाहरण घ्या. दवाखान्यात बाळंत झालेली बाई घरी आली की आशाने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी बाळ पाहायला जायचे. या सहा भेटींचे मिळून २५० रुपये, असा दर वर्षानुवर्षे राहिला. शहराजवळच्या गावात दोन गल्ल्या ओलांडल्या की भेट झाली. इथे एका भेटीला जाऊन-येऊन अर्धा दिवस मोडतो, वाटेत गवा आडवा आला तर झाडाआड थांबावे लागते. पैसे तेवढेच. त्यात वाडी लहान म्हणून बाळंतपणे थोडी. हिशेब बाळाचा होतो, वाटेचा होत नाही. शिवाय मोबदला वेळेवर येत नाही, ही राज्यभरच्या आशांची जुनी तक्रार आहे.

वन्संच्या बरोबरीच्या अशा चौदाजणी. एकीची वाडी दुसरीपासून दोन-दोन तासांवर. सगळ्या एका जागी भेटतात त्या महिन्याच्या बैठकीलाच. एरवी फोन, तोही टेकडीवर चढून रेंज मिळाली तर. अशा विखुरलेल्या बायकांनी भिशी लावली. दर महिन्याला प्रत्येकीने ३०० रुपये काढायचे. त्यातले २०० भिशीचे. त्याचे २,८०० रुपये होतात, ते नंबराप्रमाणे एकीला मिळतात. उरलेले १०० "अडचणीचे". त्याचे महिन्याला १,४०० आणि वर्षाला १६,८०० जमतात. ते वाटायचे नाहीत. जिच्यावर वेळ येईल तिने उचलायचे आणि जमेल तसे परत करायचे. व्याज नाही.

त्यांचे नियम साधे आहेत, पण विचाराने केलेले. रोकड एकीकडे आणि वही दुसरीकडे. भिशीत नंबर कुणाचाही असो, जिचे मूल दवाखान्यात आहे तिला पहिला मान. बैठकीत किती रक्कम गेली ते वाचायचे, कुणी उचलली ते नाव वाचायचे नाही. वहीवालीलाच तेवढे ठाऊक. पैसे पोचवायची रीतही ठरलेली. रेंज असेल तर फोनवरून, नसेल तर एस.टी.ने येणाऱ्या घरच्या माणसाच्या हाती, मोजून.

नाव न वाचण्याचा नियम का, असे आम्ही विचारले. वन्सं म्हणाल्या, "माणूस उपाशी ऱ्हाईल, पर हात पसरताना लाजतंय. नाव घ्याचं न्हाई म्हटलं की मागाय येतंय." यात लाजण्यासारखे खरोखर काही नाही. १९२० साली अपुरे राहिलेले शिक्षण पुरे करायला बाबासाहेब लंडनला निघाले, तेव्हा त्यांचे मित्र नवल भथेना यांनी त्यांना ५,००० रुपये उसने दिले होते. त्याच वर्षी 'मूकनायक' निघाले, त्याला शाहू महाराजांनी २,५०० रुपयांची मदत केली होती. वेळेला मिळालेल्या हाताने माणूस लहान होत नाही.

मग एका श्रावणात त्यांच्यातली एकजण निसरड्या वाटेवर पडली. पाय मोडला. अडीच महिने प्लास्टर. काम नाही म्हणजे कामागणिक मिळणारा मोबदला नाही. घरात म्हातारी सासू आणि दोन शाळकरी मुली. बाकीच्या तेराजणींनी तिच्या वाड्या वाटून घेतल्या. आपल्या वाड्या सांभाळून तिच्याही बाळंतिणी पाहिल्या, लसीचा दिवस चुकू दिला नाही. त्या कामाचे जे पैसे ज्या-त्या बाईच्या खात्यावर आले, ते काढून तिच्या घरी नेऊन दिले. अडचणीच्या पेटीतून ५,००० रुपये दिले. पोरींची शाळा बुडाली नाही.

एवढ्यावर ही हकिगत संपली असती तर आम्ही "धन्य त्या भगिनी" म्हणून थांबलो असतो. पण वन्संनी पुढची गोष्ट सांगितली. महिन्याच्या बैठकीत सगळे तक्ते भरलेले होते. एकही भेट चुकलेली नव्हती. साहेबलोकांनी काम उत्तम आहे म्हणून सांगितले. वन्सं म्हणाल्या, "आमच्यातली एक पडली, हे कागदाला कळलंच न्हाई. आमी सगळ्यांनी मिळून तिला झाकली की हो!"

हे वाक्य आम्हांला पुष्कळ दिवस सोडीना. आपसातली मदत दोन कामे करते. पडलेल्या माणसाला ती उचलते, आणि तो कशामुळे पडला ते झाकूनही टाकते. गरिबांनी गरिबांना सांभाळले की वरून पाहणाऱ्याला सारे ठीक दिसते. २०२४ साली राज्य सरकारने कामावर असताना अपघाताने आशाचा मृत्यू झाला तर १० लाख आणि कायमचे अपंगत्व आले तर ५ लाख रुपये देण्याचे ठरवले. निर्णय चांगलाच आहे. पण अडीच महिन्यांनी बरा होणारा पाय यापैकी कशातच बसत नाही. त्या अडीच महिन्यांची चूल कुणी पेटवायची, हा प्रश्न उरतोच.

त्यांच्यातल्या सगळ्यात धाकट्या आशाने यावर तोड काढली. तिने वहीत एक रकाना वाढवला: "कारण". नाव नाही लिहायचे, पण पैसे का उचलावे लागले ते तारखेसह लिहायचे. "मोबदला आला नाही, दुसरा महिना." "रात्री पेशंटबरोबर गेले, परतीचे गाडीभाडे पदरचे." "वाटेत पडले." सहा महिन्यांनी वही चाळली तर निम्म्याहून अधिक नोंदींपुढे एकच कारण: मोबदला आला नाही. तोपर्यंत ज्याला त्या "आमची अडचण" म्हणत होत्या, ती अडचण नव्हतीच. ते त्यांचे येणे होते.

ती वही घेऊन त्या वरिष्ठांपुढे गेल्या. लगेच सगळे सुटले असे नाही. पण तोंडी तक्रारीला "बघू" एवढेच उत्तर मिळत असे, आता तारखा पुढे ठेवल्यावर तारखेनेच उत्तर द्यावे लागले.

महाराष्ट्रातल्या आशांनी १८ ऑक्टोबर २०२३ पासून आणि मागण्यांचा शासन निर्णय निघेना म्हणून पुन्हा १२ जानेवारी २०२४ पासून संप केला. मुंबईच्या आझाद मैदानात हजारो बायका दिवसरात्र बसल्या. अखेर मार्च २०२४ मध्ये राज्याने दरमहा ५,००० रुपयांची वाढ दिली, ती नोव्हेंबर २०२३ पासून. त्या संपात या चौदाजणींनी पाळी लावली होती. दोघी मुंबईला जायच्या, भाडे पेटीतून, भाकरी घरोघरची. मुंबईच्या गिरणीवाल्या घरांना हे नवे नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा कित्येक कुटुंबे गावाकडच्या धान्यावर जगली. संप किती दिवस चालेल हे चुलीवर ठरते. चूल शेजारणीने सांभाळली तर मैदानात बसता येते. म्हणून मदत आणि हक्क ही दोन वैरी नाहीत. मदत हक्काच्या जागी बसवली की मात्र घात होतो.

आपल्या वाचकांपैकी किती घरांत भिशी असेल! १९९२ पासून नाबार्डने बचत गट बँकांशी जोडायला सुरुवात केली, तेव्हापासून आपल्या मायभगिनी गटांतही आहेत. चाळीत मयतीची वर्गणी असते, गावच्या मंडळाची पेटी असते. सफाईला जाणाऱ्या, घरकाम करणाऱ्या, कंत्राटावर राबणाऱ्या आपल्या बायका एकमेकींना उसने देतात, तेव्हा कारण विचारीत नाहीत. तो त्यांचा मोठेपणा आहे. कारण विचारू नये, पण लिहून मात्र ठेवावे. ठेकेदाराने पगार दोन महिने अडवला म्हणून किती पैसे फिरले, दुखापतीची भरपाई नाही म्हणून किती उचलले, हे वर्षाअखेर वाचून पाहावे. त्यात आपली गरिबी किती आणि दुसऱ्याने थकवलेले किती, ते वेगळे दिसेल. जे थकवलेले आहे त्यासाठी युनियनकडे किंवा कार्यालयाकडे जाताना ती वही बरोबर न्यावी.

राधानगरीला जरूर जा. पाऊस ओसरल्यावर जा, मुलांना धरण दाखवा, नशिबात असेल तर गवाही दिसेल. वाटेत निळी पिशवी खांद्याला अडकवून चढ चढणारी एखादी बाई भेटली, तर गाडी थांबवून विचारा, "ताई, वाडीपर्यंत सोडू का?" आणि घरी परतल्यावर भिशीच्या वहीत तेवढा एक रकाना आखून घ्या.