पानावर पाणी नको

आफ्रिकन व्हायोलेट घेताना नवखा माणूस फुलं मोजतो. ज्याच्या हाताखालून बरीच रोपं गेली आहेत, तो फुलं बाजूला सारून आधी गाभा बघतो. मधली कोवळी पानं आखडलेली, करडी आणि एकमेकांत दाटलेली दिसली, तर आत सायक्लामेन माइट असण्याची शक्यता मोठी. ही कीड नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, आणि एका रोपावरून शेजारच्या रोपांवर सहज पसरते. फुलं कितीही देखणी असोत, असं रोप घरी आणू नये.

हे रोप मूळचं टांझानियातल्या उसांबारा डोंगरांतलं. तिथला जर्मन अधिकारी बॅरन वॉल्टर फॉन सेंट पॉल-इलेर यानं ते आपल्या वडिलांकडे जर्मनीला पाठवलं आणि १८९३ मध्ये हॅनोव्हरच्या हेरेनहाउझेन उद्यानातल्या हेर्मान वेंडलांड यांनी त्याला सेंटपॉलिया हे नाव दिलं. आता वनस्पतिशास्त्रज्ञ त्याला स्ट्रेप्टोकार्पसमध्ये धरतात.

डोंगरात ते झाडांच्या सावलीत, शेवाळलेल्या खडकांच्या खाचांत वाढतं. हवा दमट, मुळांपाशी माती जेमतेम आणि आलेलं पाणी लगेच निथळून जाणारं. खिडकीतल्या कुंडीचं सगळं गणित इथूनच मांडावं. पानांचा घेर नऊ इंच असेल तर कुंडी तीन इंचांची पुरते. भरायला कोकोपीट आणि भरपूर परलाइट. बागेतली जड माती अजिबात नको. पूर्वेच्या खिडकीतलं कोवळं ऊन त्याला मानवतं, दुपारचं ऊन पानं भाजतं. मुंबईच्या पावसाळ्यात हवेतला दमटपणा आयता मिळतो, पण कुंडी वाळत नाही आणि गाभा कुजतो. त्या दिवसांत पाण्याचा हात आखडता घ्यावा आणि रोपांमध्ये अंतर ठेवावं.

आता पान. त्यावरची लव पाणी धरून ठेवते. पुण्या-नाशिकच्या डिसेंबरात नळाचं गार पाणी उबदार पानावर पडलं, की वरच्या थरातल्या पेशी मरतात आणि तिथं फिकट पिवळी वलयं उमटतात. ती पुन्हा जात नाहीत. पान गळेपर्यंत तशीच राहतात. म्हणून पाणी रात्रभर खोलीत ठेवून मग बशीत घालावं. अर्ध्या तासानं बशीत उरलेलं ओतून टाकायला विसरू नये. कुंडीच्या भोकातून नायलॉनची वात खालच्या डबीत सोडली तरी चालतं. सुती वात लवकर कुजते. पानावरची धूळ कोरड्या, मऊ ब्रशनं देठाकडून टोकाकडे झाडावी.

इतकं जपलेलं पान मग स्वतःच नवं रोप देतं. मधल्या फेरीतलं एक निरोगी पान काढून देठ इंचभर ठेवावा, धारदार पात्यानं तिरका कापावा आणि ओलसर परलाइटमध्ये खोचून वर पारदर्शक पिशवी घालावी. दोन-तीन महिन्यांत देठाच्या बुडाशी उंदराच्या कानांएवढी पिल्लं वर येतात. प्रत्येकाला दोन-चार पानं फुटली की वेगळी करावीत.

पाकळ्यांवर चक्रासारखे पट्टे असलेल्या कायमेरा जाती मात्र पानातून तशाच येत नाहीत, पट्टे हरवतात. त्यांचं रोप हवं असेल तर शेंडा खुडून बाजूचे फुटवे वाढवावे लागतात. शेंडा गेला की पानांची ती रेखीव गोल बैठक मोडते, म्हणून जाणकार त्यासाठी आपलं सर्वांत देखणं रोप निवडत नाहीत.