दोष आधी लिहावा

न्यू इंग्लंडमध्ये जुन्या हत्यारांसाठी फार फिरावे लागत नाही, कारण ती इथेच घडली. कनेक्टिकटमधल्या न्यू ब्रिटनला स्टॅन्ली, मॅसॅच्युसेट्समधल्या ॲथॉलला स्टॅरेट, मिलर्स फॉल्सला त्या गावाचेच नाव लावणारी कंपनी. एखाद्या घरासमोर 'इस्टेट सेल'ची पाटी लागली की तळघरात सुताराचे टेबल, भिंतीवर करवती आणि फळीवर दोन-तीन रंधे असणार, असे धरून चालावे. घरातले वडीलधारे माणूस गेलेले असते, मुले दूरच्या राज्यांत असतात, आणि घर लवकर रिकामे करायचे असते. तिथून मी हत्यारे घेतो, साफ करतो आणि ऑनलाइन लिलावात विकतो. तळघरात पाच डॉलरची चिठ्ठी लागलेल्या रंध्याची खरी किंमत ओहायोतला किंवा ऑस्ट्रेलियातला माणूस ठरवतो, ही या धंद्यातली मोठी गंमत. जबाबदारीही तिथेच सुरू होते, कारण त्या माणसाने रंधा हातात घेतलेला नसतो.

* * *

1995 च्या सप्टेंबरात पिएर ओमिड्यार यांनी 'ऑक्शनवेब' सुरू केले. पुढे त्याचेच ईबे झाले. तिथे विकली गेलेली पहिली वस्तू होती एक मोडका लेसर पॉइंटर, किंमत 14.83 डॉलर. तो मोडका आहे हे जाहिरातीत लिहिलेले होते आणि घेणाऱ्याला ते पुरते ठाऊक होते. मोडके पॉइंटर जमवायचाच त्याला नाद होता. जुन्या मालाच्या धंद्याचे सगळे शहाणपण मला या एका व्यवहारात दिसते. खराब मालालाही गिऱ्हाईक असते. फक्त तो कुठे आणि किती खराब आहे, हे बोली लागण्याआधी सांगितलेले असावे.

* * *

टेबलावर आत्ता स्टॅन्लीचा पाच नंबरचा रंधा आहे. लांबी 14 इंच. वरची पट्टी सैल केली, पाते काढले, आणि पाते ज्यावर टेकते त्या तिरप्या ठोकळ्यामागे, म्हणजे फ्रॉगमागे, बॅटरीचा झोत टाकला. बिडात ओतलेल्या तीन तारखा दिसल्या: 25 मार्च 1902, 19 ऑगस्ट 1902, 19 एप्रिल 1910. या पेटंटच्या तारखा. तिन्ही एकत्र असल्या, पुढची मूठ बुटकी असली आणि खोली ठरवणारी पितळी चाकी लहान असली, तर संग्राहक त्याला 'टाइप 11' म्हणतात. काळ साधारण 1910 ते 1918. रॉजर स्मिथ यांनी जुन्या अमेरिकी रंध्यांवरच्या आपल्या पुस्तकात असे प्रकार लावून दिले आणि विकणाऱ्या-घेणाऱ्यांना एक सामाईक भाषा मिळाली.

पात्यावर मात्र हृदयाच्या आकृतीत 'एसडब्ल्यू' अशी अक्षरे आहेत. विल्यम हार्ट या अध्यक्षांच्या आडनावावरून आलेली ही खूण 1920 च्या सुमारास सुरू झाली. म्हणजे पाते नंतरचे. त्यात वावगे काही नाही. सुताराने पहिले पाते घासून घासून संपवले आणि दुसरे आणून बसवले. रंधा कामात होता याची ही साक्षच. वापरणाऱ्याला त्याने फरक पडत नाही, पण सगळे भाग एकाच काळातले हवेत अशा संग्राहकाला पडतो. म्हणून लिहायचे: 'अंग टाइप 11, पाते पुढच्या काळातले.' एवढ्या एका ओळीमुळे वीस डॉलर कमी येतील, आणि तेवढे कमीच यायला हवेत.

* * *

स्टॅन्लीच्या या घडणीच्या रंध्यात पितळी चाकीचे आटे उलटे असतात. ज्याला हे ठाऊक नाही तो जोर लावून आटे खातो. फोटो काढण्याआधी चाकी दोन्ही टोकांपर्यंत फिरवून पाहावी. अडली तर तेल घालून रात्रभर ठेवावी. तरीही अडली तर तसे लिहावे.

* * *

बिडाचा दोष डोळ्यांआधी कानाला कळतो. रंधा पूर्ण सुटा करून नुसते अंग दोन बोटांत धरावे आणि टिचकी मारावी. धड अंग खणखणते, तडा गेलेले बद्द वाजते. मग तडा शोधायचा. बहुतेक वेळा तो पात्याच्या तोंडाच्या कोपऱ्यापासून बाजूच्या भिंतीत चढलेला असतो, केसाएवढा, गंजाच्या रेघेसारखा. त्याचा फोटो जवळून, तिरप्या उजेडात काढून पहिल्या तिनांत लावायचा. बारावा फोटो कोणी पाहत नाही, आणि तडा तिथे ठेवणाऱ्यालाही हे माहीत असते.

* * *

साफ किती करावे? गंज थांबेल आणि खुणा राहतील इतकेच.

पाण्यात धुण्याचा सोडा घालून बॅटरी चार्जरने गंज सोडवता येतो. हत्यार ऋण तारेला, भंगारातला लोखंडी तुकडा धन तारेला. त्या तुकड्याच्या जागी स्टेनलेस स्टील कधीही वापरू नये, त्यातून क्रोमियमचे विषारी क्षार पाण्यात उतरतात. शिवाय हायड्रोजन सुटतो, म्हणून हे काम उघड्यावर करावे.

करवतीला जास्त जपावे लागते. फिलाडेल्फियाच्या डिस्टन कंपनीच्या करवतींच्या पात्यावर कंपनीचे नाव आणि नंबर आम्लाने कोरलेला असायचा. हा ठसा फार उथळ असतो. त्यावर तारेचा ब्रश किंवा यंत्राची घासपट्टी फिरवली की तो कायमचा गेला. पाण्याचा पॉलिश पेपर सपाट ठोकळ्याला गुंडाळून हळूहळू घासला, तर वरचा गंज निघतो आणि खोलगट अक्षरांत काळेपणा टिकतो. गंजाखालून नाव वर येताना पाहणे हा या कामातला मला सर्वांत आवडणारा भाग. नाव उमटले की करवत दुप्पट किमतीला जाते हे खरेच. पण हिचे दात पुन्हा लावून घ्यावेत असे घेणाऱ्याला वाटू लागते, हा मोठा लाभ.

* * *

काळा रंग मारलेला रंधा फोटोत छान दिसतो. स्टॅन्लीच्या रंध्याला कारखान्यातच काळा जपानिंग लेप दिलेला असे. तो किती टक्के उरला आहे, हे जाणते विक्रेते आवर्जून लिहितात. लेपाचे टवके उडालेले असले तर उडालेले राहू द्यावेत. नवा रंग जुने सांधे, तडे आणि डागडुजी झाकतो. रंग आधीच्या मालकाने दिलेला असला तरी जाहिरात आपली आहे. 'नव्याने रंगवलेला' हे शब्द त्यात असायलाच हवेत.

* * *

लिलावाची शेवटची पंधरा सेकंदे. सहा दिवस बोली 22 डॉलरवर बसून असते आणि अखेरच्या क्षणी 90 वर जाते. नवख्या विक्रेत्याला यात काळेबेरे वाटते. तसे काही नसते. ईबेचा लिलाव ठरलेल्या सेकंदाला बंद होतो, त्यामुळे जाणकार आपला मनसुबा तोवर उघड करत नाहीत. ॲल्विन रॉथ आणि ॲक्सेल ओकनफेल्स यांनी 2002 साली यावर निबंध लिहिला. तेव्हा ॲमेझॉनवरही लिलाव चालत, पण तिथे शेवटी बोली आली की मुदत आपोआप दहा मिनिटे वाढे. उशिरा बोली लावण्याचे प्रमाण ईबेवर बरेच जास्त आढळले. ज्यांना मालातले कळते त्यांची बोली हीच इतरांसाठी माहिती असते, म्हणून ते ती झाकून ठेवतात. आपल्याकडे बाजार समित्यांत रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवायची हत्ता पद्धत होती. इथे रुमालाचे काम घड्याळ करते.

घेणाऱ्याला माझा सल्ला एकच. आपल्याला परवडेल ती कमाल रक्कम ठरवा, भरा आणि उठून जा. जिंकणाऱ्याला आपली पूर्ण रक्कम द्यावी लागत नाही. दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीच्या एक पायरी वर, एवढेच द्यावे लागते. दुसऱ्या बोलीच्या किमतीला माल देण्याचा हा विचार विल्यम विकरी यांनी 1961 मध्ये मांडला होता. विक्रेत्याला त्यातून कळते ते हे, की एक हौशी गिऱ्हाईक पुरत नाही, दोन लागतात.

* * *

म्हणून प्रत्येक हत्यार लिलावाला लावू नये. पाच नंबरचा रंधा लाखोंनी निघाला. आधीच्या विक्रींत त्याचे भाव दिसतात, तो ठरीव किमतीला विकावा. लिलाव राखून ठेवावा ज्याचा भाव कोणालाच नीट सांगता येत नाही त्यासाठी: कुणा सुताराने स्वतः घडवलेला रंधा, अल्पजीवी कंपनीचे गिरमिट. आणि स्टॅन्लीचा एक नंबर, जेमतेम साडेपाच इंचांचा, तळघरात मिळालाच, तर आधी तो खरा आहे याची खात्री करावी. खऱ्याला हजार डॉलरच्या वर किंमत येते, म्हणून खोटेही पुष्कळ आहेत.

* * *

स्टॅरेटचा कॉम्बिनेशन स्क्वेअर. लरॉय स्टॅरेट यांनी 1879 मध्ये त्याचे पेटंट घेतले आणि 1880 मध्ये ॲथॉलला कारखाना काढला. गुण्या विकताना 'उत्तम स्थिती' या शब्दांना अर्थ नाही. तो काटकोनात आहे का, एवढाच प्रश्न असतो. सरळ कडेच्या फळीला टेकवून बारीक रेघ मारावी, गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी रेघ मारावी. रेघा एकमेकींवर बसल्या तर तो खरा. फाकल्या तर दिसणारा फरक चुकीच्या दुप्पट असतो. त्या फळीचाच फोटो लावावा. तो पाहिल्यावर कोणी काही विचारत नाही.

* * *

जुन्या मोजपट्ट्यांपैकी काही हस्तिदंताच्या असतात. ईबेने 2009 च्या सुरुवातीपासून हस्तिदंत बंद केले. अमेरिकेच्या केंद्र सरकारचे कडक नियम 2016 मध्ये आले, ब्रिटनचा 2018 चा कायदा 2022 मध्ये लागू झाला. 'हाड असावे' असे गुळमुळीत लिहून ती विकणारे आहेत. मी हस्तिदंत विकत नाही, आणि ज्या घरात ते सापडते त्या घरच्यांना त्यामागचे कारण सांगतो.

लाकडाचेही तेच. स्टॅन्लीच्या जुन्या मुठी रोझवुडच्या. ब्राझिलियन रोझवुड 1992 पासून साइट्स या संकटग्रस्त जीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या सर्वांत कडक यादीत आहे. 2017 मध्ये जवळजवळ सगळे डालबर्जिया कूळ कराराखाली आले. आपल्या पश्चिम घाटातला शिसवी त्याच कुळातला. असा रंधा देशाबाहेर पाठवायचा तर परवान्याचे आधी पाहावे. झाड अजून संकटात आहे. मूठ शंभर वर्षांपूर्वी कापली म्हणून ती गोष्ट बदलत नाही.

* * *

स्टॅन्लीचा 45 नंबर. खाचा, गोलाई, झिरी, सगळे एकाच रंध्यात. सोबत पेटीभर पाती. सुटे करून विकला तर अख्ख्यापेक्षा जास्त पैसे येतात: पाती एकाला, दांड्या दुसऱ्याला, लाकडी आधार तिसऱ्याला. मी पूर्ण पेटी फोडत नाही. इतकी वर्षे एकत्र राहिलेले हे भाग एकदा पांगले की पुन्हा जुळत नाहीत. आधीच अर्धा हरवलेला रंधा आला तर मात्र त्याचे भाग जरूर विकावेत. त्यातून कुठला तरी दुसरा पूर्ण होतो.

* * *

बांधणी. बीड दणकट वाटते, पण ठिसूळ असते. ट्रकमधून एकदा पडले की संपले. पाते आणि वरची पट्टी काढून वेगळी गुंडाळावी. मागची मूठ तिच्या बारीक गळ्याशी मोडते, तिथे आधार द्यावा. करवतीच्या दातांवर चिरलेला रबरी पाइप चढवावा. खोके बंद केल्यावर जोराने हलवावे. काहीही सरकल्याचा आवाज आला तर उघडून पुन्हा भरावे. टपाल खात्याच्या ठरीव दराच्या खोक्यात 70 पौंडांपर्यंत वजन चालते, लोखंड विकणाऱ्याला ती मोठी सोय. बाईस इंची सात नंबरचा रंधा मात्र त्याच्या नेहमीच्या मापांत मावत नाही. त्याचे भाडे आधीच धरावे.

* * *

तळघरात पाच डॉलरची चिठ्ठी असलेली वस्तू पाचशेची आहे असे दिसले, तर काय करावे? बरेच जण गुपचूप पाच देतात आणि त्याला नजर म्हणतात. मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रिमफिल्डच्या जुन्या वस्तूंच्या जत्रेत 1959 पासून व्यापारी व्यापाऱ्याला विकतो. तिथे दोघेही बाजार जाणतात, तिथली घासाघीस ठीक. वडिलांचे घर आवरणाऱ्या मुलीला बाजार ठाऊक नसतो. तिला मी सांगतो. वस्तू विकून देण्याची तयारी दाखवतो, वाटा आधी ठरवतो. अशा घरांतूनच पुढे दुसऱ्या घरांचे फोन येतात. पण ते आले नसते तरी सांगायला हवेच होते.

* * *

भारतातून विचारणा होते तेव्हा हिशेब मांडून देतो. रंध्यापेक्षा त्याचे विमानभाडेच जास्त होते. त्यापेक्षा पुण्याचा जुना बाजार पालथा घाला, असे सुचवतो. ब्रिटिश अमलात शेफिल्डची हत्यारे भारतात भरपूर आली. गंजाखाली नाव शोधा, टिचकी मारून पाहा.

* * *

प्रत्येक खोक्यात एक कागद घालतो: हत्यार कोणत्या काळातले, कोणता भाग बदललेला, मी काय साफ केले, काय तसेच ठेवले, चाकी कोणत्या दिशेने फिरते. घेणारा शिकाऊ असेल तर त्याला हा कागद पात्याच्या धारेइतकाच कामी येतो. ही हत्यारे माझ्या गिऱ्हाइकानंतरही उरणार आहेत, पुन्हा विकली जाणार आहेत. पुढच्या विक्रेत्याने हाच कागद जसाच्या तसा जाहिरातीत उतरवला, तर त्यातला एकही शब्द त्याला खोडावा लागू नये.