तारेआधीचे फोटो

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात दातांना तार लावायची म्हटली, की घाटाखालच्या संग्रामपूर-जळगाव जामोदकडच्या माणसाचा अख्खा दिवस जातो. पोराची शाळा बुडते, बापाची मजुरी बुडते. सरकारी दंत महाविद्यालय गाठायचे तर नागपूर, नाहीतर छत्रपती संभाजीनगर. एवढे करून ‘अजून दुधाचे दात पडू द्या, मग या’ एवढेच ऐकायचे असेल, तर ते गावात बसूनच कळायला हवे. कोणी यायचे आणि कधी यायचे, हे आधी ठरवणे, हाच मला दुरून केलेल्या निदानाचा सर्वांत मोठा उपयोग वाटतो.

त्यासाठी फोटो नीट हवेत. चेहऱ्याचे तीन : ओठ मिटून, हसून आणि बाजूने. तोंडातले पाच : समोरून, उजवीकडून, डावीकडून आणि आरसा धरून वरच्या व खालच्या दातांचे. फोटो काढणाऱ्या ताईंना मी सांगते, आधी थुंकी पुसा, गाल रिट्रॅक्टरने बाजूला घ्या, मुलाचे तोंड उजेडाकडे करा. ‘दात दाखव’ म्हटले, की मूल जबडा पुढे काढून दातांची टोके जुळवते आणि पुढे आलेले दात फोटोत चांगले दिसतात. म्हणून आधी आवंढा गिळायला लावायचा, मग मागच्या दाढा दाबून धरायला सांगायचे. तोंड उघडतानाचा-मिटतानाचा छोटा व्हिडिओही मी मागते. मिटताना जबडा एका बाजूला सरकतो का, ते त्यातच कळते.

हाडातले मात्र फोटोत दिसत नाही. वरचा सुळा दहाव्या वर्षाच्या सुमारास हिरडीवर बोट फिरवून चाचपावा लागतो. फुगवटा लागला नाही, तर एक्स-रे हवाच. 1988 मध्ये एरिक्सन आणि कुरोल या स्वीडिश संशोधकांनी टाळूकडे वळलेल्या 46 सुळ्यांबाबत केवळ दुधाचा सुळा काढून पाहिला. त्यांतले 36 आपसूक वाटेवर आले. हेच उशिरा सापडले, तर शस्त्रक्रिया आणि तार, दोन्ही आले. म्हणून फुगवटा न लागलेल्या मुलाला दवाखान्यात बोलवावेच लागते, आणि तिथे यायचे कारण त्याच्या आईबापाला आधीच पटलेले असते.

2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळा-अंगणवाड्यांत जातात, दातही तपासतात. त्यांनी किडीबरोबर चावाही, म्हणजे वरखालचे दात कसे जुळतात तेही, बघावा आणि शंका येईल त्या मुलाचे हे आठ फोटो तज्ज्ञाकडे पाठवावेत. आईबापांनीही सारे दात येईपर्यंत थांबू नये. सातव्या वर्षी मुलाचा चावा एकदा दाखवून घ्या.