निकाहनाम्यात नसलेला रकाना

उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवणाऱ्या बाईकडे गावातले कागद आपोआप येतात. आजोबांच्या वेळची उर्दू पत्रं, कबरस्तानाच्या जुन्या नोंदी, आणि सगळ्यात जास्त म्हणजे निकाहनामे. ओझर, जुन्नर, नारायणगाव या पट्ट्यात घरोघरी दखनी बोलली जाते, पण उर्दू अक्षर वाचणारे कमी होत चालले आहेत. कुठल्या कार्यालयाने "याचं भाषांतर आणा" म्हटलं की लोक आमच्या दाराशी येतात. 2017 साली असाच एक निकाहनामा आला. तो कराचीचा होता. नवरा आमच्या तालुक्यातला, नवरी त्याच्या आजोबांच्या भावाची पणती. नावं सांगत नाही, कारण गोष्ट अजून संपलेली नाही.

पाकिस्तानात 1961च्या मुस्लिम कौटुंबिक कायद्यापासून निकाहनाम्याचा छापील नमुना आहे. त्यात पंचवीस रकाने असतात. वधू-वरांची वयं, वकील, साक्षीदार, मेहर किती, त्यातली रोख किती आणि उधार किती. सतराव्या रकान्यात खास अटी लिहायच्या. अठराव्यात, नवऱ्याने बायकोला तलाकचा हक्क दिला आहे का ते. मी एकेक रकाना मराठीत उतरवत गेले. शेवटी आलं तेव्हा जाणवलं, या मुलीने उद्यापासून ज्या देशात राहायचं आहे तिथे ती कुठल्या परवानगीने राहणार, याला एकही रकाना नाही. सतरावा रकाना होता, त्यावर नुसती आडवी रेघ मारलेली.

पूर्वी याची गरजच नव्हती. 1936 पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता. जुन्नरहून कराचीला जाणं म्हणजे एकाच इलाख्यातल्या दुसऱ्या शहरात जाणं. कराचीतली जुनी नारायण जगन्नाथ हायस्कूल ही शाळा एका मराठी माणसाच्या, नारायण जगन्नाथ वैद्यांच्या नावाने आहे. फाळणीनंतरही काही महिने लोक येत-जात होते. जुलै 1948 मध्ये परमिट आलं आणि ऑक्टोबर 1952 पासून पासपोर्ट-व्हिसा. पण नातं त्या तारखांना तुटलं नाही. चुलत घरात मुलगी द्यायची-घ्यायची रीत तशीच चालू राहिली. रीत जुन्या नकाशावर चालत होती आणि कायदा नव्या.

ती ऑक्टोबर 2017 मध्ये आली. व्हिसा पाहुणीचा. नवऱ्याच्या घरी आलेली बायको कागदावर पाहुणी! दोन्ही देशांनी सप्टेंबर 2012 मध्ये व्हिसाचा करार केला, त्यात दुसऱ्या देशातल्या माणसाशी लग्न झालेल्यांसाठी दोन वर्षांच्या व्हिसाची तरतूद आहे. तिच्या हातात मात्र साधा, तीन महिने राहण्याचा व्हिसा पडला. त्यावर गावांची नावं लिहिलेली. त्या गावांबाहेर जायचं नाही. पोहोचल्यावर चोवीस तासांत पोलिसांकडे नोंद. वलीम्याचे पाहुणे घरात आणि नवरा-नवरी पोलिसांकडे, अशी त्यांची सुरुवात.

आपल्याकडे परदेशी जोडीदाराला लग्नामुळे कायमचं राहू देणारा 'पीआर'सारखा परवाना नाही. दुसऱ्या बऱ्याच देशांच्या माणसाने भारतीयाशी लग्न केलं, ते नोंदवलं आणि दोन वर्षं टिकलं, तर त्याला ओसीआय कार्ड मिळू शकतं. पाकिस्तान आणि बांगलादेशच्या नागरिकांना ते मिळत नाही. भारतीयाशी लग्न करून इथे राहणाऱ्या तिथल्या स्त्रीसाठी वाट आहे ती दीर्घ मुदतीच्या व्हिसाची, म्हणजे एलटीव्हीची. अर्ज नवऱ्याच्या जिल्ह्यात. सोबत पासपोर्ट, निकाहनामा, नवऱ्याच्या नागरिकत्वाचा पुरावा, हमीपत्र. मग पोलीस चौकशी, मग फाईल वर.

त्या फाईलमध्ये माझं काम भाषांतराचं. अडचण भाषेची नव्हती, स्पेलिंगची होती. पासपोर्टवर 'शेख' एका पद्धतीने, नवऱ्याच्या आधारवर दुसऱ्या, त्याच्या वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर तिसऱ्या. उर्दूत तीन अक्षरांत संपणारं नाव इंग्रजीत तीन माणसांचं झालं. एका कार्यालयाने त्यावरून फाईल दोनदा परत पाठवली. तिचा नवरा टोमॅटोचा हंगाम सोडून पुण्याला हेलपाटे घालत होता. पण त्या घराने एक गोष्ट चोख केली. तीन महिने संपायची वाट पाहिली नाही. दुसऱ्याच महिन्यात एलटीव्हीचा अर्ज, मुदत संपायच्या आत मुदतवाढीचा वेगळा अर्ज, आणि दोन्हींच्या पोचपावत्या सासूच्या ट्रंकेत.

हे चोख असणं का महत्त्वाचं, ते नागरिकत्व कायदा 1955 वाचला की कळतं. त्यात बेकायदा स्थलांतरित म्हणजे फक्त चोरून आलेला नव्हे. रीतसर व्हिसावर आला आणि मुदतीनंतर राहिला, तोही. अशा व्यक्तीला लग्नाच्या आधारावर नागरिकत्व मागता येत नाही. आणि 3 डिसेंबर 2004 नंतर इथे जन्मलेल्या मुलाचे आई-बाप दोघंही भारतीय नसतील, तर एक भारतीय आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला असावा लागतो. म्हणजे आईच्या मुदतीतला खंड बाळाच्या नागरिकत्वापर्यंत पोहोचतो. "अर्ज टाकलाय ना, बघू" असं ओट्यावर बसून म्हणणाऱ्या पुरुषांना हे ठाऊक नसतं.

कलम 5(1)(क) प्रमाणे भारतीयाशी लग्न झालेल्याने सात वर्षं इथे राहून अर्ज करायचा. या कलमात धर्म विचारलेला नाही, हेही सांगते, कारण 2019च्या दुरुस्तीनंतर आपल्या लोकांत "आता आपल्या सुनांना मिळतच नाही" असा समज पसरला आहे. सात वर्षांची मोजणी मात्र कडक आहे. अर्जाच्या आधीचे बारा महिने सलग इथेच, आणि त्याआधीच्या आठ वर्षांत मिळून सहा वर्षं. खास कारण असेल तर त्या बारा महिन्यांत सरकार जास्तीत जास्त तीस दिवसांची सूट देऊ शकतं.

तिचे बारा महिने चालू असताना, 2024च्या रमजानमध्ये, कराचीत तिची अम्मी अंथरुणाला खिळली. समझौता आणि थार या दोन्ही गाड्या ऑगस्ट 2019 पासून बंद. परत येण्याची परवानगी आधी घ्यायची, दिल्लीमार्गे अटारीला जायचं, पलीकडे लाहोरहून कराची. तीस दिवसांत हे बसेल का, आणि सूट अर्ज पाहणाऱ्याच्या हातात. ती एका संध्याकाळी माझ्याकडे आली. "बाजी, तीस म्हणजे जायचा दिवस धरून की सोडून?" मी कायद्यातलं वाक्य दोनदा वाचून दाखवलं. ते वाक्य अम्मीबद्दल काहीच सांगत नव्हतं. ती गेली नाही. ईदनंतर अम्मी वारल्या. कफन चढवलेलं तिने फोनवर पाहिलं. मुलं शाळेतून येईपर्यंत रडून घेतलं आणि मग भाकरी टाकायला बसली. वर्षाच्या शेवटी तिचा नागरिकत्वाचा अर्ज गेला.

मग 22 एप्रिल 2025 ला पहलगाम झालं. निरपराध माणसं मारली गेली, त्याचं दुःख आणि संताप आम्हालाही तितकाच. दोन दिवसांनी सरकारने पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा 27 तारखेपासून रद्द केले. वैद्यकीय व्हिसांना 29 पर्यंत मुदत. आधी दिलेल्या दीर्घ मुदतीच्या व्हिसांना हा आदेश लागू नाही, हा खुलासा येईपर्यंत त्या घरात चूल पेटली नाही. पोलीस आले, कागद पाहिले, नीट बोलले, गेले. ट्रंकेतला कागद कामाला आला.

सगळ्यांच्या ट्रंकेत तो नव्हता. अटारीवरची ती दृश्यं आपण पाहिली: आईचा पासपोर्ट एका देशाचा, मुलांचा दुसऱ्या, आणि फाटकाजवळ ताटातूट. केंद्रीय राखीव पोलीस दलातल्या जम्मूच्या एका जवानाची बायको त्याच वर्षी पाहुणीच्या व्हिसावर आली होती. व्हिसाची मुदत मार्चमध्ये संपली होती, एलटीव्हीचा अर्ज केलेला होता. तिला परत पाठवायला बसमधून अटारीपर्यंत नेलं आणि उच्च न्यायालयाच्या आदेशामुळे ती माघारी आली. प्रत्येकीला वेळेत न्यायालय गाठता येत नाही. कॅनडात मुदत संपण्याआधी मुदतवाढ मागितली की निर्णय होईपर्यंत राहणं कायदेशीर धरतात. आपल्या पुण्या-नाशिकची जोडपी तिथे त्या भरवशावर असतात. तोच भरवसा इथे धरू नये. इथे अर्ज म्हणजे परवानगी नव्हे. शिवाय 1 सप्टेंबर 2025 पासून इमिग्रेशन आणि परदेशी नागरिकांचा नवा कायदा लागू झाला आहे, त्यात मुदतीपलीकडे राहिल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

सरकारांनी काय करावं यावर मला पुष्कळ म्हणायचं आहे. दोन राज्यांच्या भांडणात आईला मुलांपासून तोडून कोणाची सुरक्षा वाढते, ते मला कळत नाही. पण ते आपल्या हातात नाही. सतरावा रकाना आपल्या हातात आहे.

कुरआनातली सगळ्यात लांब आयत नमाजबद्दल नाही, रोजाबद्दल नाही. सूरह बकरातली ती 282वी आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आणि साक्षीदारांबद्दल आहे. पाच हजारांच्या उधारीला कागद हवा, तर मुलीच्या अख्ख्या आयुष्याला नको? निकाह कराचीचा असो, ढाक्याचा असो की दुबईतला, अटींच्या रकान्यात रेघ मारू नका. लिहा: राहण्याच्या परवानगीचा अर्ज नवरा इतक्या दिवसांत करील. खर्च त्याचा. पासपोर्ट आणि पोचपावत्या तिच्याजवळ राहतील, त्याच्या नाही. मुदत संपण्याआधी मुदतवाढ तो मागेल. आई-बाप आजारी पडले तर तिला पाठवायची तजवीज करील. काझी साहेबांनी हे मेहरइतक्याच मोठ्याने वाचून दाखवावं. कारण कागद हुकला तर नवऱ्याची फार तर धावपळ होते. घर जातं ते तिचं.

तिचा अर्ज अजून वरच आहे. दर महिन्याला ती ऑनलाइन स्थिती पाहते आणि मला सांगते, "बाजी, तेच लिहिलंय." धाकटा मात्र पहिलीत गेला. शाळेच्या फॉर्मवर आईच्या नावापुढे राष्ट्रीयत्व विचारलेलं नव्हतं. तो फॉर्म तिने एका दमात भरला, मराठीत.