चार थेंब मातीला

दारूबंदीच्या व्याख्यात्याचे एक बरे असते. ज्या वस्तूवर तो तासभर बोलतो, तिचा वासही त्याने घेतलेला नसतो! असेच एक गृहस्थ परवा आमच्या कॉलेजात येऊन गेले. टाळ्या झाल्या, आभार झाले.

वडनेर भोलजीच्या उत्तरेला पाऊस सरला की सातपुड्याची निळी रेघ दिसू लागते. पूर्णेपलीकडे, जळगाव जामोदच्या अंगाला, भिलाल्यांच्या नि कोरकूंच्या वस्त्या आहेत. तिथला एक विद्यार्थी नंतर मला म्हणाला, "सर, आमच्यात मोहाची दारू देवाला लागते. पिण्याआधी चार थेंब मातीला देतात. मग आमचा देवही वाईट का?"

त्याच्या वस्तीवरच्या एका तरुणाने होळीनंतर जीव दिला होता. का, ते कोण सांगणार? परमुलखात मजुरीला गेला आणि बाटलीची सवय घेऊन परतला, इतके ठाऊक. "तो एकटाच प्यायचा, सर."

मोहाची दारू सणाला, वडीलधाऱ्यांच्या देखत. बाटलीला ना सण, ना सोबत. दोहोंना एकाच काठीने झोडपले की ही पोरे ऐकेनाशी होतात, आणि मला त्यात नवल वाटत नाही.

गडचिरोलीत 1993 साली दारूबंदी झाली ती लोकांनी मागितली म्हणून. तिथल्या मेंढा (लेखा) या गोंडांच्या गावाने तर आपली दारूबंदी ग्रामसभेत बसून, सर्वांच्या संमतीने ठरवली. त्याच गावाने तरुणांचे गोटुल पुन्हा बांधले. वनखात्याने ते पाडले, तेव्हा आसपासची गावेही गोटुले बांधायला उठली! कॅनडात चँडलर आणि लालोंद या संशोधकांनी 1998 मध्ये दाखवले, की ज्या आदिवासी समूहांच्या हाती आपला कारभार नि आपली संस्कृती राहिली, तिथे तरुणांच्या आत्महत्या फार कमी होत्या. आपल्याकडे 1996 च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना दारूवर नियंत्रणाचा अधिकार दिला. आमचा बुलढाणा त्या यादीत नाही.

ग्रामसभा माझ्या हाती नाही. पण पोरे शहरात राहतात त्या वसतिगृहात ढोल वाजवायला मनाई आहे. त्यांनी रात्री एकत्र बसावे तरी कशाला? शनिवारी नऊपर्यंत ढोल वाजू द्यावा, असा अर्ज मी अधीक्षकांना दिला आहे. शेजारच्या बिऱ्हाडांची झोप मोडेल, ही त्यांची अडचण. शेजाऱ्यांना भेटायला दिवाळीनंतर मी त्या विद्यार्थ्यालाच बरोबर नेणार आहे.