मक्याच्या मुलखातून

विंटरसेट, आयोवा
जुलैचा पहिला आठवडा

ती. आप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोहोचले. इथे डॉक्टर असलेल्या मीनलकडे उतरले आहे. तिचं घर गावाच्या टोकाला आहे. परसातलं कुंपण संपलं की मका सुरू होतो, तो नजर पोहोचेल तिथपर्यंत. तुमचा पहिला प्रश्न जमिनीचाच असणार, म्हणून बाकीची हालहवाल मागाहून.

जमीन काळीभोर. विहीर नाही, पाट नाही, मोटार नाही, सगळं पावसावर. उलट सखल रानातलं जास्तीचं पाणी काढून द्यायला जमिनीच्या पोटात सच्छिद्र नळ्या पुरलेल्या आहेत. राज्याचा सरासरी उतारा एकरी २०० बुशेलच्या आसपास, म्हणजे आपल्या हिशेबाने ५० क्विंटल. आकडा पुन्हा वाचा, शून्य बरोबर आहे. मात्र यातला निम्म्याहून जास्त मका इथेनॉलच्या कारखान्यात जातो आणि उरलेल्यातला पुष्कळसा डुकरांच्या पोटात. राज्यात डुकरं माणसांच्या सातपट आहेत. खायची गोड कणसं वेगळ्या जातीची. ती लोक परसात लावतात, नाहीतर रस्त्याकडेला विकत घेतात.

बांध कोरल्याची भांडणं इथे ऐकू येत नाहीत. १७८५ च्या कायद्याने पुढे सगळ्या मुलखावर मैलामैलाचे चौकोन आखले गेले. एक चौकोन ६४० एकरांचा. त्याचे चार हिस्से केले की १६० एकर, आणि तेवढ्यावर एक कुटुंब, अशी जुनी रीत. चौकोनांच्या कडेने खडीचे सरळसोट रस्ते. आता त्या रस्त्यांवरून जाताना मक्यात मध्येच चार जुनी झाडं आणि कलतं कोठार दिसलं, की समजायचं, इथे घर होतं.

घरं का गेली, याचं अर्धं उत्तर इथून तासाभरावर ओरिएंट गावाजवळच्या एका शेतात मिळतं. हेन्री वॉलेस तिथे १८८८ मध्ये जन्मला. त्याने १९२६ मध्ये संकरित मक्याचं बियाणं विकणारी कंपनी काढली, पुढे तो देशाचा कृषिमंत्री झाला आणि नंतर उपराष्ट्राध्यक्ष. त्याच्या तरुणपणी इथे एकरी ४० बुशेलच्या आसपास पिकायचं. बियाण्याने उतारा वाढवला, पुढे खत आलं, मोठमोठी यंत्रं आली आणि एकेक माणूस रानातून मोकळा होत गेला. १९८० नंतर व्याजाचे दर भडकले, जमिनीचे भाव कोसळले, तेव्हा कर्जात बुडालेल्यांची शेतं आणि अवजारं लिलावात निघाली. जे टिकले त्यांनी शेजाऱ्याची जमीन घेतली किंवा खंडाने केली.

शेजारच्या खेड्यातल्या एलिव्हेटरवर सकाळी गेले होते. धान्य साठवायचे सिमेंटचे उंच मनोरे, खाली वजनकाटा, पलीकडे सहकारी सोसायटीची कचेरी. सभासद शेतकरीच, वर्षअखेरीला लाभांशही वाटतात. कचेरीत पाचसहा म्हातारे कॉफी पीत बसले होते. कॉफीचे पैसे कोणी द्यायचे ते चामड्याच्या पेल्यात फासे खुळखुळवून ठरतं. त्यातल्या एकाने मला विचारलं, “तुमची शेती किती?” मी म्हटलं, साडेतीन एकर. कोणी हसलं नाही. त्याने पुढचा प्रश्न विचारला, “त्यावर कुटुंबं किती?” मी सांगितलं, दोन. तो म्हणाला, “माझा मुलगा २००० एकर करतो. एकटा.” त्यात बढाई नव्हती. मग त्याने फासे टाकले आणि हरला.

तब्येत सांभाळा. गोळ्या चुकवू नका.

तुमची,
सुमन

विंटरसेट

ती. आईस,
सा. न.

काल मी मयताचं जेवण वाढून आले. घाबरू नकोस, ओळखीचं कोणी नव्हतं. गावाबाहेरच्या एका शेतकरणीचं नव्वदीत निधन झालं. मीनल तिची डॉक्टर होती, म्हणून दोघी गेलो. दफन झालं की सगळे चर्चच्या तळघरात जेवायला येतात, आणि ते जेवण घरच्यांनी करायचं नसतं. चर्चच्या बायका करतात. स्वयंपाकघराच्या भिंतीवर पाळ्यांचा कागद लावलेला असतो. कोणत्या महिन्यात कोणी मेलं तर कोणत्या गटाने रांधायचं, हे जानेवारीतच ठरलेलं!

पदार्थ ठरलेले. हॅमची सँडविच, चीजमध्ये भाजलेले बटाटे, रंगीत जेलीत गोठवलेली फळं, आणि चौकोनी कापलेले गोड बार. मी बटाटे आणि बार खाल्ले. जेलीला हे लोक सॅलड म्हणतात, त्यावर मी काही बोलले नाही.

मी एका कोपऱ्यात संकोचून उभी होते. ऐंशीच्या पुढच्या एक बाई सगळ्यांवर हुकूम सोडत होत्या. त्यांनी मला आपादमस्तक पाहिलं आणि हातात पुसायचं फडकं दिलं. “पाहुणी असलीस तरी हात आहेत ना?” झालं. पुढचा तासभर मी भांडी पुसत होते आणि त्या तासात मला गावातली निम्मी कुळकथा कळली.

आणि गंमत ऐक. प्रत्येक काचेच्या भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर मालकिणीचं नाव. आपण लग्नातल्या स्टीलच्या भांड्यांवर नाव कोरून घेतो ना, तस्संच. भांडी घासून झाली की नावाप्रमाणे टेबलावर मांडायची. दोन भांडी उरली. मी विचारलं, ही कोणाची? त्या बाई म्हणाल्या, “या दोघी गेल्या. एकीला सहा वर्षं झाली. भांडं चांगलं आहे, म्हणून वापरतो.” आणि त्यांनी ती चर्चच्या कपाटात ठेवून दिली.

नंतर त्यांनी पाळ्यांचा कागद मला दाखवला. पूर्वी प्रत्येक गटात बारा-चौदा नावं असायची, आता पाच-सहा. सगळ्यांत धाकटी सदस्य एकसष्टची. त्या म्हणाल्या, “माझ्या जेवणाला बटाटे कोण भाजणार, हे मला बघायचंय.” आणि स्वतःच खो खो हसल्या.

लोणचं संपत आलंय. मीनलला आवडलं म्हणून तिलाच अर्धं दिलं.

तुझी,
सुमी

इंडियानोला

प्रिय वहिनी,

तुम्ही शाळेत मुलांना वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ वाचून दाखवता, म्हणून हे पत्र तुम्हाला. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ज्याच्या गोष्टीवर मुलं वाढली, त्या कार्व्हरला कॉलेजची वाट या गावांनी दाखवली.

कॅन्सासमधल्या एका कॉलेजने त्याला पत्राने प्रवेश दिला आणि दारात उभा राहिल्यावर रंग पाहून परत पाठवला. त्यानंतर भटकत भटकत, १८९० च्या एखाददोन वर्षं आधी, तो विंटरसेटला आला. तिथे हॉटेलात स्वयंपाक केला, लोकांचे कपडे धुतले. चर्चमध्ये त्याचं गाणं ऐकून मिलहॉलंड नावाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या पत्नीने त्याला घरी बोलावलं आणि कॉलेजात जा म्हणून पिच्छा पुरवला. १८९० मध्ये तो इथे, इंडियानोलाच्या सिम्पसन कॉलेजात आला. शेती शिकायला नव्हे, चित्रकला आणि संगीत शिकायला. त्याच्या चित्रांतली झाडं पाहून चित्रकलेच्या शिक्षिका एटा बड यांनी त्याला एम्सच्या कृषी महाविद्यालयाची वाट दाखवली. त्यांचे वडील तिथे उद्यानविद्येचे प्राध्यापक होते. एम्सला कार्व्हर एका सहकाऱ्याच्या लहान मुलाला बोटाला धरून रानात फुलं, गवतं ओळखायला न्यायचा. तो मुलगा म्हणजे हेन्री वॉलेस. आप्पांच्या पत्रात त्याची हकीकत आहे, मागून घ्या.

एक अनोळखी माणूस चर्चच्या मागच्या बाकावर गातो आणि कोणीतरी मागे वळून पाहतं, एवढ्यावर हे सगळं झालं. लहान गावात अनोळखी माणूस लपत नाही. त्याचा जाच होतो, तसा कधीकधी असा फायदाही होतो.

आता मुलांसाठी एक दृश्य. काउंटीच्या, म्हणजे आपल्या भाषेत तालुक्याच्या, जत्रेत गेले होते. इथे शाळकरी मुलं ‘फोर-एच’ नावाच्या मंडळातून एखादं जनावर महिनोन्‌महिने सांभाळतात. खाद्य, वजन, खर्च, सगळ्याची वही ठेवतात. दहाएक वर्षांची एक मुलगी रिंगणात डुक्कर फिरवत होती. एका हातात बारीक काठी, मागच्या खिशात ब्रश. डुकराच्या अंगाला भुसा लागला की झटकायचा, पण नजर परीक्षकावरून काढायची नाही. डुकराला मात्र परीक्षकात काडीचा रस नव्हता, ते कुंपणाकडेच ओढत होतं. परीक्षकाने माइकवर तिला तिसरा नंबर का, ते नीट कारणं देऊन सांगितलं. तिने हात मिळवला आणि बाहेर येऊन मगच रडली. नंतर लिलाव झाला. गावातल्या बँकेने बाजारभावापेक्षा कितीतरी वरचे पैसे लावले. ते पैसे डुकराचे नसतात, मुलीच्या पुढच्या शिक्षणाचे असतात. तिथे बसलेल्या सगळ्यांना हे ठाऊक असतं.

शिकून ती मुलगी गावात राहील का, असं मी बँकेच्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, “माझीही दोन्ही मुलं शहरात, डी मॉइनला आहेत.”

तुमची,
सुमन

ग्रीनफिल्ड

प्रिय दादा,

तू सरपंच झाल्यापासून तुला गावाशिवाय दुसरा विषय सुचत नाही, तेव्हा हे वाच.

ग्रीनफिल्ड हे अडेर काउंटीचं मुख्य गाव, वस्ती दोन हजारांच्या आसपास. मधोमध चौक, चौकात कोर्टाची इमारत, भोवती दुकानं. या भागातल्या प्रत्येक काउंटीच्या मुख्य गावाचा नकाशा साधारण असाच. २१ मे २०२४ ला दुपारी चक्रीवादळाचा भोवरा या गावातून गेला. वादळाच्या वाटेवर एकूण पाच माणसं गेली, इथे घरंच्या घरं चौथऱ्यापासून उपटली गेली, गावाबाहेरच्या पवनचक्क्यासुद्धा मोडून पडल्या. दवाखान्याचंही नुकसान झालं, म्हणून जखमींना लाकडाच्या वखारीत आणून तपासलं. अजूनही वादळाची वाट डोळ्यांना दिसते. गर्द सावलीच्या गल्लीतून चालत असता एकदम ऊन लागतं. पुढे नवी घरं, हिरवळ आणि कमरेएवढी रोपं. म्हातारं झाड एकही नाही.

अशा वेळी इथे धावून कोण येतं? पगारी अग्निशमन दल असल्या गावांना परवडत नाही. भोंगा वाजला की गॅरेजवाला, शिक्षक, शेतकरी हातातलं काम टाकून बंबाकडे पळतात. वर्षातून एकदा हेच लोक बंब बाहेर काढून त्या जागेत गावाला पॅनकेक खाऊ घालतात. दर लावलेला नसतो. दारात डबा असतो, इच्छेप्रमाणे टाका. मी गेले तेव्हा पॅनकेक उलटणाऱ्याची कंबर दुखत होती, कारण आदल्या रात्री अपघाताची वर्दी होती. तोच माणूस वाचनालयाच्या मंडळावर, तोच शाळेच्या सामन्यांत गुण लिहिणारा. दफनभूमीतलं गवत कोण कापतं, असं विचारलं तर त्याने ओशाळून हात वर केला.

या काउंटीत १९०० साली १६ हजारांवर माणसं होती. २०२० च्या जनगणनेत साडेसात हजार. शाळा एकमेकींत मिसळत गेल्या. ‘ओरिएंट-मॅक्सबर्ग’ असं शाळेचं जोडनाव ऐकलं की समजायचं, एकेका गावाचा वेगळा वर्ग भरत नव्हता. पण कामं निम्मी झाली नाहीत, दादा. बंबाला माणसं तेवढीच लागतात, गाव दोन हजारांचं असो की दोनशेचं.

मी आप्पांना लिहिलं की जमीन सोन्यासारखी आहे. तुला उरलेलं सांगते. दुष्काळ नाही, नापिकी नाही, तरी गावं ओस पडतायत, कारण एवढं पिकवायला आता माणसं लागत नाहीत. आपण ग्रामसभेत एकरी उतारा वाढला की गाव सुधारलं असं धरून चालतो. इथे उतारा पाचपट झाला आणि माणसं निम्मी.

वाटेत शेदोनशे वस्तीच्या एका खेड्यात थांबले. तिथल्या नगर कचेरीतल्या बाईंनी सांगितलं की मागच्या निवडणुकीत एका जागेसाठी कोणी अर्जच भरला नाही. मतदारांनी कोऱ्या जागेत हाताने नावं लिहिली. ज्याला सात मतं पडली त्याला त्यांनी फोन करून कळवलं. तो म्हणाला, मला विचारलं असतं तर नको म्हणालो असतो. आणि पुढच्या सोमवारी बैठकीला हजर राहिला. तू बिनविरोध निवडून आलास तेव्हा आपण गुलाल उधळला होता. इथे बिनविरोधचा अर्थ वेगळा आहे, तो एकदा बसून बोलू. तोवर स्मशानाच्या वाटेचं काम कोणावर ढकलू नकोस, पावसाआधी तूच करून घ्यायला हवं होतंस.

तुझी,
सुमी